शरदातलं कोलकाता: पूजोचे मंडप, कुमारटुली आणि प्रदर्शनं. कसं बघाल?

काशतुरा | १८ ऑगस्ट

नमस्कार मंडळी,

बँकेतल्या बदलीमुळे नऊ वर्षांपूर्वी कोलकात्याला आले आणि इथेच रमले. दर वर्षी ऑगस्ट सरत आला की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात, "दुर्गापूजेला येतोय, बघायलाच हवेत असे दहा मंडप सांग." मी यादी पाठवते. मंडळी येतात, दोन रात्रींत तीस-चाळीस मंडप पालथे घालतात आणि निघताना म्हणतात, "गर्दी फार गं, नंतर कुठे काय बघितलं तेच आठवेना." मला दर वेळी हळहळ वाटते. म्हणून या वर्षी वेळेआधीच धागा काढतेय.

माझं म्हणणं एवढंच आहे. पूजो हे देवीचं दर्शन आहेच, पण या शहराच्या गल्लीबोळांत मांडलेलं एक अवाढव्य कलाप्रदर्शनही आहे. चांगल्या प्रदर्शनात आपण जसे रेंगाळतो, तसं इथेही रेंगाळायला हवं. एका संध्याकाळी चार मंडप पुरेत, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास द्या. आणि जमलं तर घडणीच्या दिवसांत एकदा चक्कर मारा.

सध्या आमच्या पाड्यात (पाडा म्हणजे आपली आळी) बांबूंचे ट्रक येऊन पडलेत. मंडप उभारणारे बरेच कारागीर मेदिनीपूरकडचे आहेत. ते बांबूला बांबू दोरीनं बांधत दोन-तीन मजले चढवतात, वरून दोरी फेकतात, खालचा न बघता झेलतो. ऑफिसला जाताना मी रोज पाच मिनिटं तिथे थांबते. सापळा उभा राहिला की कापड, माती, ज्यूट, पत्रा, वेत, जे त्या वर्षीच्या कल्पनेला लागेल ते चढायला लागतं.

इथे पूजांचे ढोबळ तीन प्रकार. पहिली 'बोनेदी बाडी'ची, म्हणजे जुन्या जमीनदार घराण्यांची पूजा. शोभाबाजार राजवाड्यात नवकृष्ण देवांनी १७५७ मध्ये, प्लासीच्या लढाईनंतर सुरू केलेली पूजा अजून चालू आहे आणि ती कुणालाही बघता येते. दुसरी 'साबेकी', जुन्या वळणाची सार्वजनिक पूजा. तिसरी 'थीम'ची, म्हणजे एखादी कल्पना घेऊन सगळा मंडप तिच्याभोवती रचायचा. या थीमच्या पूजेनं मला या शहराच्या प्रेमात पाडलं.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बेहालाच्या बाजूला एका अरुंद गल्लीतला मंडप होता. पाडापाडी झालेल्या जुन्या घरांच्या खिडक्यांची झडपं गोळा करून त्याच्या भिंती केल्या होत्या. हिरवा रंग पोपडे धरून निघालेला, बिजागऱ्या गंजलेल्या. आत शिरल्यावर प्रत्येक झडपेच्या फटीतून उजेडाची एक पट्टी अंगावर यायची आणि पलीकडून अगदी हळू, भांडी घासल्याचा, रेडिओ लावल्याचा आवाज. शेवटी गाभाऱ्यात देवी. तिच्यामागे मात्र खिडकी नव्हती, नुसती विटांची भिंत. माझ्यापुढे एक आजी उभ्या होत्या. त्यांनी एका झडपेची कडी हातानं वर-खाली करून बघितली आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

एक कळकळीची विनंती: मंडपाच्या तोंडाशी एक फलक असतो, तो वाचा. त्यावर 'भावना ओ सृजन' (कल्पना आणि निर्मिती), 'प्रतिमा', 'आलो' (प्रकाशयोजना), 'आबह' (ध्वनी-संगीत) अशी नावं लिहिलेली असतात. भवतोष सुतार, सनातन दिंडा, सुशांत पाल, पार्थ दाशगुप्ता अशी नावं दिसली की इथली माणसं वाट वाकडी करून जातात. अमका मंडप कुठला, याआधी विचारतात की या वर्षी भवतोषदा कुठे आहेत!

प्रश्न विचारा, जमेल तेवढं सांगेन. तुमचेही अनुभव लिहा.

निशिगंध | १८ ऑगस्ट

किती सुरेख लिहिलंयस गं. खिडक्यांचा मंडप डोळ्यांपुढे उभा राहिला. आई गेली कित्येक वर्षं म्हणतेय की एकदा कोलकात्याची पूजा बघायची. ती ७१ वर्षांची आहे, गुडघ्याचं दुखणं आहे, सलग वीस मिनिटांच्यावर चालवत नाही. आणू का तिला? की तिचे हाल होतील?

रेघोट्या | १९ ऑगस्ट

वाचनखूण साठवली आहे. मी मुंबईत चित्रकला शिकवतो आणि दोनदा खास यासाठी जाऊन आलोय. थोडी भर घालतो.

थीमच्या मंडपाची लाट एका दिवसात आली नाही. त्याआधी कुमारटुलीच्या (कोलकात्यातली मूर्तिकारांची वस्ती) गोपेश्वर पालांनी १९३० च्या दशकात एक मोठं पाऊल उचललं होतं. परंपरेत देवी, लक्ष्मी, सरस्वती, गणपती, कार्तिक सगळे एकाच चौकटीत, 'एकचाला'त असायचे. त्यांनी प्रत्येक मूर्ती सुटी उभी केली. मूर्तीभोवती मोकळी जागा आली, की मांडणीचा विचार आलाच. पुढे १९८५ पासून एका रंग कंपनीनं 'शारद सम्मान' द्यायला सुरुवात केली आणि क्लबाक्लबांत कलात्मकतेची चढाओढ लागली. २००१ साली बोसपुकुर शीतला मंदिराच्या पूजेत बंधन राहा यांनी चहाच्या मातीच्या 'भाँड'चा मंडप केला. ज्यातून रोज चहा पितो आणि फेकून देतो, त्या कुल्हडाचा! तो बघायला सगळं शहर लोटलं होतं. आजही पन्नाशीतला कुणीही कोलकातावासी त्याबद्दल काल पाहिल्यासारखं बोलतो.

आणि २०२० चा बडिशा क्लबचा मंडप. टाळेबंदीत शेकडो मैल चालत घरी गेलेल्या मजुरांचं वर्ष. रिंटू दास यांची कल्पना, पल्लव भौमिक यांनी घडवलेली मूर्ती: कडेवर उघडं पोर घेऊन निघालेली मजूर बाई, तीच दुर्गा. मी ती फक्त फोटोत पाहिली, तरी त्या वर्षी वर्गात एक आख्खा तास तिच्यावरच बोललो. एका मुलानं विचारलं, "सर, हिच्या हातात शस्त्र का नाही?" त्यावर वर्गातल्या मुलांनीच एकमेकांना उत्तरं दिली, मला तोंड उघडावं लागलं नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोनं 'कोलकात्याची दुर्गापूजा' मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, ती या सगळ्या घडणाऱ्या हातांसकट, असं मी मानतो.

तळेगावकर | १९ ऑगस्ट

काशतुरा, लेख आवडला, पण चार मंडपांचं काही पटलं नाही. आम्ही सहा मित्र २०२२ ला गेलो होतो. सप्तमीला संध्याकाळी सातला उत्तरेकडून सुरुवात केली आणि पहाटे पाचला दक्षिणेत गरियाहाटला चहा प्यायलो. मेट्रो रात्रभर चालू. नवे कपडे घातलेली कॉलेजची पोरं, खांद्यावर झोपलेली लेकरं, रात्री तीनला पुचका (पाणीपुरी) खाणाऱ्या आज्या. त्या लोंढ्यात आपण वाहत जातो, ढाक वाजत असतो, धुनुचीचा (धुपाटण्याचा) धूर डोळ्यांत जातो. हीच तर पूजा! बुर्ज खलिफाच्या आकाराचा मंडप श्रीभूमीला २०२१ मध्ये झाला, तो बघायला माणसं वेडी झाली होती, त्यांचं काय चुकलं? प्रत्येकानं फलक वाचत अर्धा अर्धा तास उभं राहिलं तर मागची रांग सरकणार कशी? आम्ही पुण्यात गणपतीला मानाचे पाच करतो आणि रात्रभर देखावेही बघतो. दोन्हींत आनंद आहे.

काशतुरा | १९ ऑगस्ट

तळेगावकर, तुमचं बरोबर आहे, आणि मनापासून सांगते, तुमच्या त्या रात्रीचा मला हेवा वाटला. गर्दीतली पूजा मलाही हवी असते. अष्टमीच्या रात्री मीही बाहेर असतेच. माझं सांगणं एवढंच की नुसती तीच रात्र केली तर कलावंतानं पाच-सहा महिने जे केलं ते हातून निसटतं. रांगेत मागचे ढकलत असतात, स्वयंसेवक "एगिये चोलुन, एगिये चोलुन" (पुढे चला) ओरडत असतात, देवीसमोर जेमतेम दहा सेकंद मिळतात.

म्हणून माझा क्रम असा. आजकाल महालयापासूनच (म्हणजे सर्वपित्री अमावास्येपासून) मंडप उघडायला लागतात. द्वितीया, तृतीया, चतुर्थीला शांतपणे थीमचे मंडप. षष्ठीनंतर फक्त पहाटे साडेपाच ते आठ. तेव्हा रस्ते धुतलेले असतात, दिवे नसतात. दिवे नसताना मंडप किती वेगळा दिसतो ते तेव्हाच कळतं. आणि एक रात्र तुमच्यासारखी, लोंढ्यात.

निशिगंध, आईंना जरूर आण. त्यांना मोठे थीमचे मंडप सप्तमी-अष्टमीला नको. शोभाबाजार राजवाडा सकाळी, तिथे ठाकुरदालानात (वाड्यातलं पूजेचं दालन) बसायला जागा मिळते. एक सकाळ बागबाजार सार्वजनीन: शंभरी ओलांडलेली पूजा, भव्य एकचाला मूर्ती, अंगावर 'डाकेर साज'. ही चंदेरी पन्नीची कलाबूत एके काळी जर्मनीहून टपालानं यायची म्हणून 'डाकेर', असं इथे सांगतात. मोकळं मैदान आहे, खुर्ची मिळते. संध्याकाळी मॅडॉक्स स्क्वेअर. तिथे लोक मंडपासमोरच्या हिरवळीवर चादर टाकून नुसते गप्पा मारत बसतात. राज्याच्या पर्यटन खात्याच्या पूजा परिक्रमेच्या बसही असतात, त्यांचं आरक्षण लवकर करावं लागतं.

पिंगुळीचा | २१ ऑगस्ट

काशतुरा ताई, मी सिंधुदुर्गातला. आमच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी तुम्हाला ठाऊक असेलच, एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत गात सांगायचं. बंगालमध्ये पिंगला तालुक्यातल्या नया गावात पटुआ लोक आहेत. ते लांब पट उलगडत, त्यावर बोट फिरवत गातात. गाव पिंगुळी नि पिंगला, आणि दोन्हीकडे चित्र गाऊन दाखवायची रीत! मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. फरक एवढाच, की आपल्याकडे सुटी पानं आणि त्यांच्याकडे सलग गुंडाळी. पूजेच्या दिवसांत त्यांचं काम कोलकात्यात बघायला मिळतं का?

काशतुरा | २१ ऑगस्ट

मिळतं! कितीतरी मंडपांच्या भिंती पटुआंनी रंगवलेल्या असतात आणि काही ठिकाणी ते स्वतः बसून पट दाखवतात. बसले असतील तर फक्त खरेदी करू नका, गाऊन दाखवा म्हणा. मी एकदा एका मुस्लिम पटुआ बाईंकडून मनसादेवीचा (सापांची देवी) पट ऐकला. बोट सापाच्या शेपटीपासून निघालं, ते गाणं संपताना त्याच्या फण्यावर टेकलं. नोव्हेंबरात नयालाच त्यांचा मेळा भरतो, तेव्हा घराघरांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या असतात.

तुमच्या पिंगुळीच्या पानांबद्दल स्वतंत्र धागा काढा ना, खूप वाट बघेन.

अण्णा_जुने_कोलकातावासी | २२ ऑगस्ट

पोरांनो, धागा वाचून मन भरून आलं. मी १९७९ ते ८७ कोलकात्याला नोकरीला होतो. राहायला हाजरा रोडजवळ, त्यामुळे महाराष्ट्र निवासात गणपती आणि बाहेर पडलं की महिनाभरात दुर्गा, असं दुहेरी सुख. २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर अशी देशातली पहिली मेट्रो सुरू झाली. आम्ही काम नसताना नुसते बसून आलो होतो.

दोन गोष्टी सांगतो. एक, महालयाची पहाट चुकवू नका. पहाटे चारला आकाशवाणीवर बीरेंद्रकृष्ण भद्रांचा चंडीपाठ लागतो. त्या काळी आमच्या इमारतीत एकाच वेळी सगळ्या घरांतून तोच आवाज यायचा, जिन्यात उभं राहिलं तरी एक शब्द चुकायचा नाही. खाली अंगणात शिउलीचा सडा. शिउली म्हणजे आपला प्राजक्तच.

दुसरी गोष्ट, बागबाजारला जाल तेव्हा तिथली 'मराठा डिच लेन'ही बघा. आपले बर्गी, म्हणजे लुटीला येणारे मराठा स्वार, येतील या धास्तीनं १७४२ मध्ये इंग्रजांनी आणि गावकऱ्यांनी खंदक खणायला घेतला होता, तो पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगाली आया अजूनही बर्गी आल्याचं अंगाईगीत गातात. माझी घरमालकीण नातवाला ते गाऊन झोपवायची आणि मग मला आग्रहानं भोगाची खिचडी, लाबडा (मिसळ भाजी), बेगुनभाजा (वांग्याचे तळलेले काप) वाढायची. पहिल्यांदा त्या गाण्याचा अर्थ कळला तेव्हा मला घास गिळवेना. त्या माउलीनं ओळखलं आणि पानात आणखी एक बेगुनभाजा टाकला.

आणि हो, पूजावार्षिकी! आपल्याकडे काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, तसे इथे शारदीय अंक. बंगाली अक्षरं लागत असतील तर एक तरी विकत घ्या. मुखपृष्ठं आणि आतली रेखाटनं हेही एक प्रदर्शनच.

दूरदेशी_सुमा | २४ ऑगस्ट

अण्णा, _/\_

मी पूजेच्या आधीच्या आठवड्यात कोलकात्यात असेन, पण पंचमीला परतीचं विमान आहे. मंडप थोडेच होतील. गॅलऱ्या, संग्रहालयं यांचं सांगाल का? आणि कुमारटुलीला एकटीनं जाता येतं का?

रेघोट्या | २४ ऑगस्ट

सुमा, पूजेच्या दिवसांत बऱ्याच गॅलऱ्या बंद असतात, त्यामुळे तुमचा आठवडा उलट सोयीचा. जोडासांकोची ठाकुरबाडी आधी बघा, रवींद्रनाथांच्या ठाकूर घराण्याचा वाडा. चित्रकार अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ याच घराण्यातले. गगनेंद्रनाथांची काळ्या-पांढऱ्यातली शाईची चित्रं छापील बघितली असतील तर मूळ चित्रासमोर उभं राहा. काळ्याच्या किती छटा आहेत ते छपाईत कळतच नाही. मग अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स. रवींद्र सदन मेट्रोपासून चालत पाच-सात मिनिटं. तिथे तरुण चित्रकारांची प्रदर्शनं सतत बदलत असतात, संध्याकाळी स्वतः चित्रकार दालनात भेटतो आणि आनंदानं बोलतो. शेजारी नंदन हे चित्रपट केंद्र, त्याच्या आवारात लिंबू चहा. दक्षिणेत सदर्न अव्हेन्यूवर बिर्ला अकॅडमी. इंडियन म्युझियम (स्थापना १८१४) एका दिवसात होत नाही, फक्त भारहूतच्या प्राचीन स्तूपाचे कोरीव कठडे बघायला जा, तेवढ्यानंच दुपार सार्थकी लागेल. ते आणि व्हिक्टोरिया मेमोरियल दोन्ही सोमवारी बंद.

काशतुरा | २४ ऑगस्ट

कुमारटुलीला एकटीनं खुशाल जा. शोभाबाजार सुतानुटी मेट्रोला उतरून दहा-पंधरा मिनिटं चालत. सकाळी नऊच्या सुमारास जा. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंना मूर्ती आणि मधून आपण अंग चोरून. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीनं करकचून बांधलेला पेंढा, त्यावर आधी चिकणमाती, मग वाळूमिश्रित बारीक माती. भेगा पडल्या की पातळ चिखलात बुडवलेल्या चिंध्या चिकटवतात. डोकी आणि बोटं वेगळी होतात. मी एका काकांना बोटं करताना पाहिलं. मातीची लांबुळकी वळी तळव्यावर लाटायची, बांबूच्या चिपेनं नख काढायचं, अंगठ्यानं हलकं वाकवायचं, पाटावर ठेवायचं. पाटावर ओळीनं पन्नासेक बोटं, सगळी थोडी थोडी वळलेली. मी विचारलं, एका देवीला दहा हात म्हणजे पन्नास बोटं ना? ते म्हणाले, "आणि मोडणारी वेगळी."

ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस असला की सगळीकडे प्लास्टिक ताणलेलं असतं आणि ओल्या मूर्तींवर आगीचा झोत धरून त्या वाळवतात. या लोकांच्या पोटाचा प्रश्न त्या आठवड्यांवर ठरतो. तेव्हा कृपा करून वाटेत उभं राहून फोटो काढू नका, आधी विचारा, काम चालू असेल तर बाजूला व्हा. चायना पाल, माला पाल यांच्यासारख्या बायकांनी या पुरुषांच्या गल्लीत स्वतःची कार्यशाळा उभी केली आहे. त्यांचं काम आवर्जून बघा.

आणि सगळ्यांनाच एक सावधगिरीचं सांगते. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीनं समाजमाध्यमावरच्या एका जाहिरातीवरून 'व्हीआयपी पास' विकत घेतले. पैसे गेले, पास कुठल्याच मंडपात चालले नाहीत आणि फोन बंद. मंडप सर्वांना मोफत खुले असतात. पासाच्या मागे लागू नका, पहाटे उठा.

तळेगावकर | २५ ऑगस्ट

पहाटेचं लक्षात ठेवलं. या वर्षी दोन दिवस लोंढा आणि एक दिवस तुमच्या पद्धतीनं. ठरलं.

निशिगंध | ३० ऑक्टोबर

जाऊन आलो! काशतुरा, तुझे किती आभार मानू.

आई सहा दिवस राहिली. शोभाबाजारला ठाकुरदालानाच्या पायरीवर बसून तिनं तासभर देवी बघितली. शेजारच्या बंगाली आजींशी तिच्या मराठीत आणि त्यांच्या बांग्लात गप्पा. दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. अष्टमीला संधिपूजेचे १०८ दिवे लागताना आईनं माझा हात घट्ट धरला. दशमीला बागबाजारला सिंदूरखेला बघितला, सवाष्णी देवीला आणि एकमेकींना कुंकू लावतात तो. आईला वाटलं होतं की आपण लांबूनच बघावं, वडील गेल्यापासून ती अशा ठिकाणी पुढे होत नाही. पण तिथल्याच एका बाईनं तिच्या गालाला लाल बोट लावलं आणि पुढे निघून गेली. आईनं ते हॉटेलवर येईपर्यंत पुसलं नाही.

तू लिहिलं होतंस तसं मी एकादशीला पहाटे एकटीच बाहेर पडले. आदल्या आठवड्यात ज्या मंडपात आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो होतो, तो उतरवत होते. कापड आधीच काढलेलं, बांबूंची जुडी ट्रकमध्ये चढत होती. 'भावना ओ सृजन'चा फलक भिंतीला टेकवून ठेवला होता. एक पंचविशीतला मुलगा वेताच्या विणकामाचा एक तुकडा कापून पिशवीत घालत होता. मी विचारलं, तुझं काम आहे का? म्हणाला, हो, चार महिने हेच विणत होतो, आईला दाखवायला नेतोय, तिला गावाहून येता आलं नाही.

मी त्याला त्या मंडपाचे माझ्या फोनमधले सगळे फोटो पाठवले. दिवे लागलेले, आणि पहाटेचे, दिवे नसतानाचेही.